उटकटारा

भूमच्या पुढं, पाथरूडच्या अलीकडं,
गट नंबर दोनशे सतरा.
माझ्या कागदावर: पोटखराब, पडीक,
झाडझाडोरा निरंक.

निरंक लिहिताना पेन अडलं नाही,
पँट अडली.
गुडघ्याएवढं राखाडी रोप,
पानापानाला सुया
आणि वर गोल गोल चेंडू,
निळे म्हणावेत तर पांढरे,
पांढरे म्हणावेत तर
धुतलेल्या धोतरात नीळ जराशी जास्त झालेली.

खुंट्या धरणारा सुग्रीव म्हणाला,
"सायेब, उटकटारा. उंट खातो."
इथं उंट कुणी पाहिलाय?
"म्या न्हाई. माझ्या बापानंबी न्हाई.
ह्यो बगतोय आपला वाट."

यंत्र उभं केलं. चार उपग्रह सापडले, मग नऊ.
उन्हाळ्याच्या आत इथं काळ्या काचा येणार होत्या,
रांगेनं, सूर्याकडं तोंड करून.
उन्हं कलली तशी बांधावरून जैतुनबी आली,
कमरेला चुन्याची डबी, हात मोकळे,
आम्हा दोघांना आणि तिपाईला वळसा घालून
रोपापुढं उकिडवी बसली.

"उद्या येते गं," रोपाला म्हणाली.
"वस्तीवरच्या कलिंदाचे दिवस भरलेत.
राग धरू नको."
चिमूटभर तांदूळ ठेवले बुडाशी.

आलीच आहेस तर आजच का नाही नेत?
"न सांगता कुनाच्या घरात शिरतोस का तू?"

मी महिनाभर तेच करत होतो,
भत्ता घेऊन.

मग सुग्रीवच्या तंबाखूत आपला चुना घालत
तिनं सांगितलं:
लोखंड लावायचं नाही.
आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही.
कळा सुरू झाल्या की मूळ केसात बांधायचं,
लेकरू खाली आलं की त्याच घडीला सोडायचं.
"उशीर झाला तर आतलं समदंच निगतंय म्हन,
काळीजबी."

भूमला दवाखाना आहे, मी म्हणालो.
"हाय की. गाडीबी येती. मीच लावते फोन.
ती येस्तोवर काय बांदू? तुजी टेप?"

सुग्रीव हसला. मग मीही, उशिरा.

"तुज्या मायला काय बांदलं हुतं?"
मी सिझरचा, अंबाजोगाईचा.
"आस्सं," म्हणाली,
बाजारातलं वासरू पाहावं तसं मला पाहिलं.
"तरीच. दार न वाजवता आलायस."

ती गेल्यावर आकडे पुन्हा वाचले.
खुंटी क्रमांक चौदा
नेमकी तांदळांवर येत होती.
सुग्रीव हातोडा घेऊन उभा,
माझ्याकडं न बघता.
दीड वीत पूर्वेला ठोक, म्हणालो.
एवढी चूक खपते.
बुलडोझरला वीत कळत नाही
हे त्यालाही माहीत होतं, मलाही.
तरी त्यानं ती खुंटी इतर खुंट्यांपेक्षा
जास्त वेळ ठोकली.

रात्री भूमच्या लॉजवर मोजा उलटा केला
तर एक चेंडू निघाला,
दिवसभर बुटात चेंगरलेला, तरी गोल.
नकाशावर ठेवला. दोनशे सतरात मावेना,
काटे शेजारच्या तीन गटांत गेले.
निरंक शाईत लिहिलेलं.
खोडलं तर वर सही लागते,
सहीला कारण लागतं.
"कारण"च्या पुढची रेघ मी बराच वेळ पाहिली,
मग पंखा वाढवला, दिवा घालवला.

जाग आली ती अंगठा ठणकत होता म्हणून.
आत काहीतरी राहिलं होतं, दिसत नव्हतं,
दाबलं की कळायचं.
खिडकीबाहेर कुत्री, एक ट्रक, अंधार.
आता ती निघाली असेल,
हात मोकळे,
सावली उगवायच्या आत.